नेय्दल भूमी आणि उंदराचा मेंदू : कामवर्तनातील स्थल, काल व स्मृती

चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदी समुद्रास मिळते तेथे एन्नोर वसले आहे. खाडी आणि मच्छीमारांच्या वस्त्यांच्या या किनाऱ्यावर आज बंदर व औद्योगिक प्रकल्प उभे आहेत; तथापि तमिळ अकम् काव्यशास्त्राच्या दृष्टीने सागरतीराचा हा प्रदेश ‘नेय्दल’ या तिणैत, म्हणजे भूभावप्रकारात, मोडतो. ‘तोल्काप्पियम्’ प्रेमकवितेचे तीन घटक मानते : स्थल व काल हे ‘मुदल्’, त्या भूमीतील जीवसृष्टी व व्यवसाय हे ‘करु’, आणि त्यांतून प्रकटणारा भाव तो ‘उरि’. नेय्दलचा काल सूर्यास्ताचा, भाव विरहातील विलापाचा. प्रेमभाव स्थलकालापासून विलग करता येत नाही, हे या मांडणीचे गृहीतक होय. ‘काम म्हणजे संप्रेरकांचा खेळ’ हे विधान समीक्षेत उसने घेण्यापूर्वी, कृंतक प्राण्यांच्या मेंदूचा अभ्यास या गृहीतकाविषयी काय सांगतो ते पाहणे उचित ठरेल.

उंदरांत कामवर्तनाचा आरंभ मुख्यतः गंधाने होतो. मूत्रातील गंधद्रव्ये नाकातील घ्राणपटल आणि व्होमेरोनेझल इंद्रिय टिपतात. या इंद्रियाचे संदेश साहाय्यक घ्राणकंदातून अमिग्डालाच्या मध्यवर्ती भागाकडे व तेथून हायपोथॅलॅमसकडे जातात. नरात हायपोथॅलॅमसलगतचे मध्यवर्ती प्रीऑप्टिक क्षेत्र निर्णायक असते. ते नष्ट केल्यास समागम थांबतो. मादीत व्हेंट्रोमेडियल केंद्राला इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन यांनी सिद्ध केल्यावरच मध्यमेंदूमार्गे मेरुरज्जूकडे संदेश जातो आणि ती पाठ खोलगट करून स्थिर राहते. गिनीपिगवरील 1959 च्या फीनिक्स व सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी या व्यवस्थेचे दोन टप्पे दाखविले : जन्मापूर्वीची संप्रेरके मार्ग घडवितात, प्रौढपणीची संप्रेरके ते जागे करतात.

कालाचे महत्त्व तमिळनाडूतच झालेल्या एका संशोधनातून स्पष्ट होते. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातील अचिरामन व आर्चुनन यांनी 2006 मध्ये, माजावर आलेल्या उंदरिणीच्या मूत्रातच आढळणारे एक आयोडीनयुक्त संयुग संभाव्य गंधसंकेत म्हणून नोंदविले. संकेत हा देहाच्या ऋतूशी बांधलेला असतो, असा त्याचा आशय.

स्थलाचे उदाहरण अधिक उद्‌बोधक आहे. नर उंदराच्या मूत्रातील मादीस आकृष्ट करणाऱ्या एका प्रथिनास इंग्लंडमधील संशोधकांनी 2010 मध्ये जेन ऑस्टिनच्या नायकावरून ‘डार्सिन’ असे नाव दिले. त्याच गटाने 2012 मध्ये दाखविले की एकदा डार्सिन हुंगलेली मादी, गंध काढून घेतल्यावरही, त्या जागी पुन्हा रेंगाळते; ही स्मृती सुमारे चौदा दिवस टिकते. 2020 च्या संशोधनाने या प्रतिसादाचा मार्ग मध्यवर्ती अमिग्डालातील विशिष्ट चेतापेशींपर्यंत शोधला आणि पिलांना पाजणाऱ्या मादीत तोच प्रतिसाद तोकडा पडतो, असेही दाखविले. गंध एकच, देहाची अवस्था पालटली की त्याचा अर्थ पालटतो.

विरामही याच व्यवस्थेचा भाग आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नर उंदरांतील एक विशिष्ट मार्ग उद्दीपित करताच समागमानंतरचा दीर्घ विराम जवळजवळ नाहीसा झाला. तृप्ती ही ऊर्जेची नुसती ओसर नसून मेंदूत नियंत्रित होणारी अवस्था आहे, असे यावरून म्हणता येते.

साम्य येथपर्यंत येते. स्थल, काल, संकेत आणि देहावस्था यांच्या संयोगानेच वर्तन सिद्ध होते. मेंदूत ‘कामा’ची एकच कळ नाही. परंतु प्रयोगशाळेत मोजले जाते ते मादीने रिकाम्या जागी घालविलेल्या वेळाचे परिमाण. तिला काय वाटते, हे त्या मोजमापात येत नाही. नेय्दलमधील नायिकाही रिकाम्या किनाऱ्याकडेच पाहते. मात्र ती आपली व्यथा सखीला सांगते. अनुपस्थिताच्या जागेकडे परतणे दोघींत समान आहे. त्या परतण्याला श्रोता मिळतो तेथून ‘उरि’चा, अर्थात काव्याचा, प्रांत सुरू होतो.