धुऱ्याचे कोपरे, शेताचा आकार

शिरोबिंदूंचे निर्देशक क्रमाने हाती असले की आकृती न काढताही बहुभुजाकृतीचा प्रकार ठरतो. शेतमोजणीत रोव्हर यंत्र धुऱ्याच्या कोपऱ्यांचे असेच निर्देशक नोंदवते. समजा, अकोल्याजवळच्या एका शेताचे कोपरे मीटरमध्ये (०, ०), (८०, ६०), (२०, १४०) आणि (−६०, ८०) आहेत. नकाशावर ते तिरपे पडते. पाहणारा समभुज चौकोन म्हणून मोकळा होतो. अंतराच्या सूत्राने चारही बाजू १०० मीटर येतात, पण चौरसाच्याही बाजू सारख्याच असतात. निवाडा कर्णांवर होतो: दोन्ही √२००००, म्हणजे सुमारे १४१.४ मीटर. लगतच्या बाजूंचे चढ ३/४ आणि −४/३, गुणाकार −१, म्हणजे काटकोन. शेत चौरस, क्षेत्र नेमके एक हेक्टर. राज्य मंडळाच्या दहावीच्या निर्देशक भूमितीएवढेच हे गणित.

पाच-सहा कोपरे असले तर धुऱ्याने चालताना प्रत्येक कोपऱ्यावरचे वळण पाहावे. सगळी एकाच बाजूची असतील तर आकृती बहिर्वक्र. एखादे उलटे निघाले की अंतर्वक्र.

अक्षांश-रेखांश मात्र थेट सूत्रात घालू नयेत. अकोल्याच्या आसपास अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, तर रेखांशाचा जेमतेम १०४. चौरसही चौरस ठरणार नाही. आधी यूटीएम पद्धतीने मीटर करून घ्यावेत. त्यातही ७८ अंश पूर्व रेखांशाला पट्टा बदलतो: अमरावती शहर ४३व्या पट्ट्यात, त्याच जिल्ह्यातले धामणगाव रेल्वे ४४व्या.