जुन्या संगणकाची स्मृती

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बाद झालेल्या संगणकात पुन्हा जीव ओतण्याची खटपट कुणी कशासाठी करावी, हा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हौस हे त्याचे एक उत्तर झाले. दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. आपल्याकडे पहिला मराठी मजकूर संगणकावर आला तो आजच्या साधनांनी नव्हे. कानपूरच्या तंत्रशिक्षणसंस्थेत जन्मलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेले ‘जिस्ट’ नावाचे कार्ड यंत्रात बसवून अनेकांनी देवनागरी लिहिली. ते कार्ड आजच्या यंत्रात बसत नाही. त्याला त्या काळचीच खाच हवी. तेव्हा कुणा संस्थेच्या कपाटात त्या वेळच्या फ्लॉप्या आणि कोपऱ्यात ते यंत्र उरले असेल, तर मजकूर मुळाबरहुकूम पाहण्याचा सरळ मार्ग त्या यंत्रातूनच जातो. आणि अशी यंत्रे जागी करताना पुष्कळदा अडतात ती स्मृतीपाशी, म्हणजे बाजारात जिला नुसते ‘रॅम’ म्हणतात तिच्यापाशी.

ही स्मृती मोठी विसरभोळी असते. आय.बी.एम.च्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली जिचे पेटंट मिळाले, त्या रचनेत प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा सूक्ष्म साठा करणारे एक धारित्र एवढेच असते. तो साठा सतत झिरपत असतो. गळका रांजण भरलेला ठेवायचा तर जसे पुनःपुन्हा पाणी ओतावे लागते, तसा दर काही सहस्रांश सेकंदांनी तो साठा पुन्हा भरावा लागतो. ही भरणी ठरल्या वेळी झाली नाही की स्मृती गेली. वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र नांदविताना ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांतल्या कित्येकांचे मूळ या वेळेच्या हिशेबात आहे.

पट्टी ओळखण्याची पहिली खूण म्हणजे तिच्या कडेचे संपर्कबिंदू. ते सरळ मोजावेत. तीस असले तर पट्टी एका वेळी आठ बिट देते, बहात्तर असले तर बत्तीस, आणि एकशे अडुसष्ट असले तर चौसष्ट. पहिल्या दोन प्रकारांना ‘सिम’ म्हणत. मोबाइलमधल्या सिमकार्डाशी त्यांचे नामसादृश्यापलीकडे नाते नाही. आता संगणकाच्या मुख्य चिपला एका घासात किती बिट लागतात ते पाहावे. ३८६ एस.एक्स. सोळा घेतो, म्हणून तीसबिंदूंच्या दोन पट्ट्या लागतात. ३८६ डी.एक्स. आणि ४८६ बत्तीस घेतात, म्हणून चार. ४८६ मध्ये बहात्तरबिंदूंची एकच पट्टी पुरते, पण पेंटियम चौसष्ट घेत असल्याने तिथे त्या जोडीनेच लावाव्या लागतात. एकत्र वाचल्या जाणाऱ्या या गटाला ‘बँक’ म्हणतात. एका बँकेतल्या पट्ट्या जोखडाच्या बैलांसारख्या सारख्या हव्यात, आकारमानाने आणि शक्यतो वेगानेही. दोन निरनिराळ्या बँका मात्र भिन्न असू शकतात: एकीत एक मेगाबाइटच्या चार आणि दुसरीत चार मेगाबाइटच्या चार, मिळून वीस, हे बहुतेक ४८६ यंत्रांना चालते. मोठ्या पट्ट्या कोणत्या बँकेत घालाव्यात ते मात्र मदरबोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे.

पट्टीवर किती मेगाबाइट ते क्वचितच छापलेले असते. ते चिपवरच्या क्रमांकातून काढावे लागते. क्रमांकात ४४२५६ दिसले तर चार बिट रुंद आणि दोनशे छप्पन्न ‘के’ खोल. ४११००० दिसले तर एक बिट रुंद आणि एक ‘मेगा’ खोल. आडव्या रेघेनंतरचा आकडा वेगाचा असतो. ७ किंवा ७० म्हणजे सत्तर नॅनोसेकंद, ६ म्हणजे साठ. आकडा लहान तितकी चिप चपळ. १० दिसले तर ते दहा नव्हे, शंभर. जवळच ९४३२ असा चार आकड्यांचा गट आढळला, तर त्यातून क्षमता शोधू नये. तो १९९४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्याचा, म्हणजे घडणीचा शिक्का असतो.

एक मेगाबाइटची तीसबिंदूंची पट्टी कधी नऊ चिपांची असते, कधी तीनच चिपांची. क्षमता तीच, पण दोहोंच्या पुनर्भरणीचे चक्र वेगळे असते, आणि काही जुने मदरबोर्ड ही सरमिसळ एका बँकेत सहन करीत नाहीत. बहात्तरबिंदूंच्या पट्ट्यांत याहून फसवी गोष्ट आहे. १९९५ च्या सुमारास ‘ई.डी.ओ.’ नावाची सुधारलेली जात रूढ झाली. ती आधीच्या ‘फास्ट पेज’ जातीसारखीच दिसते. नुसत्या नजरेने भेद कळत नाही. चिपचा क्रमांक उत्पादकाच्या तक्त्याशी ताडावा लागतो. या दोन जाती एका बँकेत एकत्र घालू नयेत.

नऊ चिपा कशासाठी, हे मात्र सावकाश सांगायला हवे. आठ बिट मजकुराचे आणि नववा पहारेकरी. आठांतले एक सम आहेत की विषम, याची नोंद तो ठेवतो आणि वाचताना मेळ बसला नाही की यंत्र थांबते. १९८१ च्या आय.बी.एम. पी.सी.तही ही व्यवस्था होती. पुढे काटकसरीपायी हा पहारेकरी गेला. काही विक्रेत्यांनी तर पट्टीवर अशी चिप बसविली की जी नोंद साठवीतच नाही. वाचनाच्या क्षणी समोर येईल त्या मजकुरावरूनच ती नववा बिट बनवून देते. ज्याने वह्या लिहिल्या त्यालाच लेखापरीक्षक नेमावे, तसा हा प्रकार. अशा परीक्षणात चूक निघणार कशी?

सुरूच न होणारे यंत्र निदान प्रामाणिक तरी असते. सुरू होऊन मधूनच एखादा बिट उलटविणारे यंत्र अधिक घातक. आकड्यांच्या संकेतात १ आणि ९ यांत एकाच बिटाचे अंतर आहे. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात ख आणि ग यांतही तेवढेच. फ्लॉपीवरून प्रत काढताना तेवढा एक बिट फिरला, की ‘खत’ लिहिले होते तिथे ‘गत’ उमटते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून यंत्र सुरू होताना पडद्यावर धावणाऱ्या मोजणीवर विसंबू नये. ती वरवरची असते. मेमटेस्ट८६ सारखा तपासणी-कार्यक्रम रात्रभर चालवावा. त्याआधी संपर्कबिंदूंचा धातू पाहावा. खाचेत कथील असेल तर पट्टीही कथिलाची घ्यावी, सोने असेल तर सोन्याची. विजातीय धातू घासून घासून तिथे गंज धरतो आणि चांगली पट्टीही दगा देते. खोडरबराने घासण्याची आपल्या दुरुस्तीवाल्यांची सवय सोनेरी मुलाम्याला बाधते. स्पिरिटात भिजविलेले मऊ फडके पुरे.

एकशे अडुसष्टबिंदूंच्या पट्ट्यांत हा त्रास पुष्कळ कमी झाला. वेग मिसळले तर सगळ्या सर्वांत संथ पट्टीच्या चालीने चालतात, एवढेच. पण इंटेलच्या ४४० बी.एक्स. संचाच्या मदरबोर्डात नंतरच्या दाट चिपांची पट्टी लावली तर ती अर्धीच मोजली जाते, किंवा मुळीच नाही. ४३० टी.एक्स. संचाचा शीघ्रसाठा पहिल्या चौसष्ट मेगाबाइटांपुरताच आहे. त्यापुढे स्मृती वाढविली तर काही कामांत यंत्र उलट मंदावते.

पट्ट्या काढण्यापूर्वी वीज तोडावी, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि कोणती पट्टी कोणत्या खाचेत होती ते कागदावर टिपावे. तपासणी निर्दोष झाल्यावरच फ्लॉपी घालावी, तिची प्रत दोनदा काढावी आणि दोन्ही प्रती दुसऱ्या यंत्रावर परस्परांशी ताडून पाहाव्यात.