काचबिंदूची तपासणी : दृष्टिपटलाच्या छायाचित्रावर किती विसंबावे?

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांतील अधिमंथाची उपेक्षा झाल्यास थोड्याच दिवसांत दृष्टिनाश होतो, असा इशाराही तेथे आहे. तीव्र वेदनेने येणाऱ्या काचबिंदूशी हे वर्णन जुळते. परंतु ‘ओपन अँगल’ काचबिंदू बहुधा वेदनेविना येतो. बाजूची दृष्टी लोपत जाते आणि रुग्णास पत्ता लागत नाही. ग्रामीण दक्षिण भारतातील अरविंद नेत्रसर्वेक्षणात (२००३) चाळिशीपुढील २.६ टक्के व्यक्तींना काचबिंदू आढळला. प्राथमिक ओपन अँगल प्रकारच्या रुग्णांपैकी ९३ टक्क्यांचे निदान पूर्वी झालेलेच नव्हते.

आमच्याकडे शिरःशूलासाठी येणाऱ्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना शिबिरातील छायाचित्रावरून ‘डोळे उत्तम’ असा निर्वाळा मिळाला होता. तो कागद पाहून आम्हीही निश्चिंत झालो. पुढे नेत्रतज्ज्ञांच्या दृष्टिक्षेत्र तपासणीत एका डोळ्याची बाजूची दृष्टी बरीच गेल्याचे आढळले. वडिलांना काचबिंदू होता, हे आम्ही विचारलेच नव्हते.

फंडस कॅमेऱ्याने ऑप्टिक नर्व्हच्या मुखाशी असलेला खळगा दिसतो, ओ.सी.टी. यंत्र चेतातंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजते. मात्र काही निरोगी व्यक्तींचा खळगा उपजतच मोठा असतो, तीव्र लघुदृष्टीत मापन फसते आणि मोतीबिंदूमुळे चित्र धूसर येते.

आता हिशेब पाहू. हजार जणांत २६ रुग्ण आहेत आणि यंत्र रुग्ण व निरोगी दोहोंना ९० टक्के अचूक ओळखते, असे समजू. सुमारे २३ रुग्ण सापडतील, ३ निसटतील आणि ९७ निरोगी व्यक्ती संशयित ठरतील. म्हणजे संशयित १२० पैकी खरे रुग्ण २३च! म्हणून छायाचित्र ही चाळणी होय, निदान नव्हे. नेत्रदाब, अँगलची तपासणी व दृष्टिक्षेत्र यांवाचून निर्णय होत नाही. दाब प्राकृत असतानाही काचबिंदू असू शकतो.

तेव्हा वैद्यबंधूंनी चाळिशीपुढील प्रत्येक रुग्णास कुलवृत्त विचारावे. आईवडील वा भावंडांस काचबिंदू असल्यास छायाचित्र निर्दोष असले तरी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनी स्टिरॉइडयुक्त नेत्रबिंदू चिठ्ठीवाचून देऊ नयेत. दीर्घ वापराने नेत्रदाब वाढतो. रुग्णाचे चालू असलेले नेत्रबिंदू आपल्या औषधांच्या भरवशावर बंद करू नयेत. गेलेली दृष्टी कोणत्याही शास्त्राने परत येत नाही. उरलेली राखणे मात्र आपल्या हाती आहे.