आपलाच आवाज ऐकताना
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. त्या टिपणांचं पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरच्या माणसांनी त्यांच्या कविता उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्या छापून आल्या. बोललेलं टिकवायला तेव्हा शेजारी कुणीतरी लेखणी घेऊन बसावं लागे. आता ते काम घरातला साधा मोबाईल करतो. वर्गात मुलांना बोलतं करण्यासाठी मी त्याचाच उपयोग करतो.

मधल्या सुट्टीत घडाघडा बोलणारं मूल वर्गात उभं केलं की गप्प होतं. आपल्या भागात याचं एक कारण घरच्या बोलीत आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणाऱ्यांची नोंद सुमारे १८ लाख आहे. लेवा गणबोली बोलणारी घरंही पुष्कळ. ‘शाळा’चं ‘शाया’ झालं आणि वर्ग एकदा हसला, की ते मूल पुढे वर्षभर हात वर करत नाही. मोबाईल मात्र हसत नाही, आणि चुकलेलं पुसूनही टाकता येतं.

विषय ओळखीचा द्यावा. केळीच्या बागेला पाणी कसं देतात, भरिताची वांगी कशी भाजतात. भाषण लिहून घेऊ नये. तीन मुद्दे कागदावर पुरेत. दोन मिनिटं बोलायचं आणि ऐकायचं. पहिल्यांदा सगळेच म्हणतात, “हा माझा आवाज नाहीच!” बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही पोचतो, त्यामुळे तो भारदस्त वाटतो. यंत्राकडे फक्त हवेतला आवाज जातो. एवढं सांगितलं की मुलांची लाज निम्मी होते.

दुसऱ्यांदा ऐकताना हातात पेन्सिल हवी. ‘म्हणजे’ किती वेळा आलं? वाक्याचा शेवट कुठे गिळला? मग पुन्हा बोलायचं, पण पहिलं ध्वनिमुद्रण पुसायचं नाही. शाळेत संगणक असेल तर ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रणालीत आवाजाची आकृती दिसते. थांबलेल्या जागी सपाट रेघ येते. धावत बोलणाऱ्या मुलाला नुसता सलग पट्टा दिसतो. ‘हळू बोल’ हे दहादा सांगून न कळणारं त्याला तिथे कळतं.

चित्रफीत मी उशिरा करायला देतो. मुलं बोलणं सोडून केसच पाहत बसतात!

बोललेलं आपोआप टाईप करून देणारी गुगलची सोय मराठीत २०१७ पासून आहे. उच्चार स्पष्ट आहे का, हे ताडायला ती बरी. पण ती प्रमाण मराठीच्या बेताने चालते. ‘केयी’ म्हटल्यावर तिने भलतंच लिहिलं, तर तो मुलाचा दोष नव्हे. यंत्राला परीक्षक करू नये.

अडचणी आहेतच. घरात फोन एकच, तोही बाबा शेतातून आल्यावर हाती येणारा. म्हणून चौघांचा गट करावा. रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही. चाळीस मुलांची दोन-दोन मिनिटं म्हणजे ऐंशी मिनिटं, शिक्षकाने रोज ती ऐकायची कधी? मी दिवसाला आठच ऐकतो आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो.

माझा आवडता प्रयोग असा : एकच प्रसंग आधी आजीला सांगतो तसा अहिराणीत, मग पाहुण्यांना सांगतो तसा प्रमाण मराठीत. दोन्ही लागोपाठ ऐकायचे. पहिल्यात आवाज चढतो-उतरतो, मध्येच हसूही येतं. दुसऱ्यात तेच मूल पाठ म्हणू लागतं. तो चढ-उतार दुसऱ्यात आणायचा, एवढाच त्या आठवड्याचा अभ्यास.