रोखीने घेतलेले भंगार, उधारीवर गेलेला ट्रक

खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. त्यामुळे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिने, साखळ्या, पत्रे सतत मोडीत निघत असतात. दारावर येणारा भंगारवाला हा माल ताणकाट्यावर तोलून जागीच रोख पैसे देतो. विक्रेत्याने विश्वास ठेवायचा तो केवळ काट्यावर. वैधमापन कायदा, २००९ नुसार काट्याची पडताळणी होऊन त्यावर शिक्का असणे बंधनकारक आहे. तो पाहण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो.

खरी मेख पुढे आहे. भंगारवाल्याला सकाळी उचल देणारा आणि संध्याकाळी त्याचा माल रोखीने घेणारा दुकानदार तोच माल घाटावर, कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाच्या बाजारात उधारीवर पाठवतो, तेव्हा त्याचे भांडवल दोन्हीकडून अडकते. वजन खरेदीदाराच्या काट्यावर होते, गंज-मातीची घटही तोच ठरवतो. भाव फोनवर ठरलेला असतो. भांडण होते ते या घटीवरून.

मालविक्री कायदा, १९३० नुसार, वेगळे काही ठरले नसेल तर माल देणे आणि पैसे चुकते करणे एकाच वेळी व्हायला हवे. पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून ठेवता येतो, पण तो त्याच्या ताब्यात असेपर्यंतच. ट्रक रिकामा झाला की उरतो तो वसुलीचा दावा. त्यातही भंगार एकदा भट्टीत वितळले की ते किती होते आणि कसे होते, हे दाखवणार कशावरून? धनादेश न वटल्यास फौजदारी कारवाई करता येते; मात्र बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते.

म्हणून भरलेल्या गाडीचे वजन निघण्यापूर्वीच त्रयस्थ काट्यावर करून पावती घेणे, विसार आधी आणि उरलेली रक्कम गाडी खाली होण्यापूर्वी मागणे शहाणपणाचे. सरकारी भंगाराचे ई-लिलाव करणारी एमएसटीसी ही कंपनी तर ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर विकते आणि पैसे भरल्याशिवाय माल उचलू देत नाही. लहान दुकानदाराला एवढा ताठरपणा परवडत नाही; गिऱ्हाईक तुटण्याची धास्ती त्याला असते.

१० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेताना जीएसटी भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आली आहे. बीजकही त्यालाच तयार करावे लागते. व्यवहार कागदावर आला, तर वजन आणि किंमत खरेदीदाराच्याच दप्तरी नोंदली जाते. त्या बीजकाची प्रत दुकानदाराने मागून घ्यावी.