वृक्षतोडीची हातहत्यारे

यंत्रशक्तीची मदत न घेता उभे झाड कापून ते आधी ठरवलेल्या दिशेस पाडण्यासाठी जी हत्यारे वापरतात, त्यांना वृक्षतोडीची हातहत्यारे म्हणतात. कुऱ्हाड, दोन माणसांनी ओढावयाची आडवी करवत, पाचर, घण, पहार आणि दोर ही त्यांतील प्रमुख होत. झाड कापणे आणि झाड पाडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कुऱ्हाड व करवत खोड कापतात. ते कोणत्या बाजूस पडेल, हे मात्र खोडात मुद्दाम न कापता राखलेली लाकडाची पट्टी आणि तिच्या मागे ठोकलेली पाचर यांवर अवलंबून असते. ही पट्टी किती चांगली राखता येते, यावरच प्रत्येक हत्याराची उपयुक्तता ठरते.

पडण्याची दिशा

झाडाचा गुरुत्वमध्य क्वचितच बुंध्याच्या मध्याच्या बरोबर वर असतो. खोडाचा कल, एका बाजूस वाढलेल्या फांद्या, पावसाने भिजलेली पालवी, वारा आणि उताराची जमीन यांमुळे झाडाला स्वतःची अशी एक पडण्याची दिशा असते. ती ओळखण्यासाठी झाडापासून दूर उभे राहून ओळंब्याची दोरी डोळ्यांसमोर धरतात व खोड तिच्याशी ताडून पाहतात. एका जागेवरून फक्त डावी-उजवी बाजू कळते, म्हणून हीच पाहणी काटकोनातील दुसऱ्या जागेवरूनही करावी लागते. ओळंबा नसल्यास दोरीला बांधलेला दगडही चालतो.

दिशा निश्चित झाली की त्या बाजूच्या खोडात पाचरीच्या आकाराची खाच घेतात. खाचेची खोली खोडाच्या व्यासाच्या साधारण एक-पंचमांश ते एक-तृतीयांश असते. तिचा तळ आडवा असतो आणि वरची बाजू तिरपी. यानंतर विरुद्ध बाजूने मागचा काप घेतात. हा काप खाचेच्या तळाच्या २.५ ते ५ सेंमी. वर असतो. या पायरीमुळे पडणारे खोड थुटावरून मागे, म्हणजे तोडणाऱ्याच्या अंगावर, घसरत नाही. खाच आणि मागचा काप एकमेकांस कधीच मिळू देत नाहीत. दोहोंमध्ये व्यासाच्या सुमारे एक-दशांश जाडीची, खोडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी पट्टी शिल्लक ठेवतात. तिला बिजागरी म्हणता येईल, कारण तिचे कार्य दाराच्या बिजागरीसारखेच असते. झाड कलू लागले की या पट्टीचे तंतू वाकतात, पण तुटत नाहीत, आणि खोडाला फक्त एकाच दिशेने वळू देतात.

खाच मिटली, म्हणजे तिच्या वरच्या व खालच्या कडा एकमेकींना टेकल्या, की बिजागरी तुटते. खाचेचा कोन ४५ अंशांचा असेल तर झाड निम्म्या वाटेवर असतानाच हे घडते व पुढचा प्रवास ते मोकळेच करते. कोन ७० अंश किंवा अधिक असल्यास झाड जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत ताब्यात राहते. मोठा कोन घेण्यास हातहत्यारांनी श्रम बरेच पडतात, त्यामुळे जुन्या पद्धतीत ४५ अंशांची खाच रूढ होती. खाचेचे दोन काप एकमेकांपलीकडे गेले तर खाच वेळेआधी मिटते आणि बिजागरीवर भलत्याच ठिकाणी ताण येतो. ही चूक दिसावयास क्षुल्लक असली, तरी झाड भलतीकडे जाण्याच्या नेहमीच्या कारणांपैकी ती एक आहे.

कुऱ्हाड

कुऱ्हाडीचे पाते, नेढे, माथा आणि दांडा असे चार भाग असतात. झाड पाडण्याच्या कुऱ्हाडीचे पाते पातळ असते. लाकूड फोडण्याच्या कुऱ्हाडीचे जाड व पाचरीसारखे असते. फोडण्याच्या कुऱ्हाडीने उभे झाड तोडू गेल्यास ती तंतू न कापता चेचते. महाराष्ट्रात दांड्यासाठी धामण, धावडा, तिवस यांसारखी चिवट व लवचीक लाकडे पसंत केली जातात. दांड्याचे तंतू उभे व अखंड असावे लागतात. तिरप्या तंतूंचा दांडा घावासरशी मोडून पाते उडते. दांडा रानातल्याच झाडाचा असतो, म्हणून ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण पडली.

केवळ कुऱ्हाडीने झाड पाडताना दोन्ही बाजूंनी खाचा घ्याव्या लागतात, मागची खाच पुढचीपेक्षा थोडी उंचावर. या पद्धतीचे दोन दोष आहेत. एक म्हणजे बुंध्याचे लाकूड, जे बहुधा झाडातील सर्वांत जाड व मोलाचे असते, ढलप्यांच्या रूपाने वाया जाते. दुसरा दोष दिशेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कुऱ्हाडीची खाच उघडी व रुंद असल्याने तिच्यात पाचर ठोकावयास जागाच नसते. त्यामुळे झाडाचा नैसर्गिक कल ज्या बाजूस असेल, त्याहून फारशा वेगळ्या बाजूस ते पाडता येत नाही. करवत वापरात आल्यावरही कुऱ्हाड मागे पडली नाही. खाचेचा तळ करवतीने कापून वरचा तिरपा भाग कुऱ्हाडीने काढणे ही दोन्ही हत्यारांची सोयीची वाटणी ठरली.

अमेरिकेतील लाकूडतोडे दुधारी कुऱ्हाड वापरत. एक धार झाडासाठी, तर दुसरी गाठी व मुळांजवळचे लाकूड तोडण्यासाठी राखलेली असे. तिचा दांडा सरळ असतो, त्यामुळे पाते खाचेच्या आतल्या कडेला टेकवले की दांडा झाड पडण्याच्या दिशेकडे बोट दाखवतो. याच कामासाठी दोन फाट्यांची लाकडी काठीही वापरात होती. फाट्यांची टोके खाचेच्या दोन कोपऱ्यांत ठेवली की मधला सांधा नेम दाखवी. जमिनीत रोवलेली खुंटी पडत्या झाडाने ठोकून दाखवण्याच्या स्पर्धा तेथे होत, यावरून नेम किती अचूक साधत असे याची कल्पना येते.

आडवी करवत

तंतूंना आडवे कापणारी, दोन्ही टोकांना उभ्या मुठी असलेली लांब करवत दोन माणसे आळीपाळीने स्वतःकडे ओढतात. ती ढकलायची नसते. ढकलल्यास पातळ पाते वाकते व कापात अडकते. साध्या करवतीचे सर्व दात सारखे असतात. सुधारलेल्या करवतीत कापणारे दात आणि त्यांच्या मधोमध किंचित आखूड असे खरवडणारे दात असतात. कापणारे दात तंतूंवर दोन बाजूंनी रेघा पाडतात आणि खरवडणारे दात मधली पट्टी उचलून बाहेर आणतात. नीट लावलेल्या करवतीतून भुशाऐवजी शेवयांसारखे लांब धागे निघतात. भुसा पिठासारखा पडू लागला की करवतीला कानस लावण्याची वेळ झाली असे समजतात.

झाड पाडण्याची करवत आणि पडलेल्या खोडाचे तुकडे करण्याची करवत यांत फरक आहे. पहिलीची पाठ आतल्या बाजूस वळलेली असते. त्यामुळे ती हलकी होते आणि करवत थोडी आत गेली, की तिच्या मागे पाचर ठोकण्यास लवकर जागा मिळते. दुसरीची पाठ सरळ असते व पाते अधिक ताठ असते. चांगल्या करवतीची पाठ दातांच्या कडेपेक्षा पातळ घासलेली असते, म्हणजे काप मिटू लागला तरी ती सहज अडकत नाही. मूठ काढता येण्याजोगी असते. झाड कलू लागताच एक मूठ काढून करवत दुसऱ्या बाजूने ओढून घेता येते. चीडसारख्या राळ असलेल्या झाडांत पाते चिकटू लागले तर त्यावर रॉकेल शिंपडण्याची रीत होती.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अशा करवतींनी झाड पाडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत रूढ झाली. तेथील अजस्र झाडांचे बुंधे मुळाशी फार फुगलेले असत. म्हणून खोडात खाचा करून त्यांत फळ्या रोवत आणि जमिनीपासून बरेच वर त्या फळ्यांवर उभे राहून करवत ओढीत.

पाचर

दिशा बदलण्याची खरी ताकद पाचरीत आहे. मागचा काप पुरेसा आत गेला, की करवतीच्या मागे कापात पाचर बसवून ती घणाने किंवा कुऱ्हाडीच्या माथ्याने हळूहळू ठोकतात. कुऱ्हाडीचे नेढे ठोकून ठोकून फाकते, म्हणून घणच बरा. पाचरीमुळे प्रथम काप मिटत नाही व करवत मोकळी राहते. पुढे तीच पाचर खोडाची मागची कड उचलते आणि झाड बिजागरीवरून पुढे कलते.

उचल थोडी असली तरी शेंड्यावर तिचा परिणाम मोठा होतो. ६० सेंमी. व्यासाच्या व २० मी. उंचीच्या झाडात खाच व बिजागरी सोडून मागे सुमारे ४० सेंमी. लाकूड राहते असे समजू. मागच्या कडेला पाचरीने २.५ सेंमी. उचल दिली, तर ४० सेंमी. तरफेवरील ही उचल २० मी. उंचीवर सुमारे १.२५ मी. इतकी होते. ओळंब्याने पाहता झाडाचा मागील कल किती आहे हे कळले, म्हणजे एक पाचर पुरेल, दोन लागतील की दोराशिवाय गत्यंतर नाही, याचा अंदाज याच हिशोबाने बांधतात. झाड बारीक असेल तर अडचण वेगळीच होते: करवत आणि पाचर या दोहोंना कापात जागा पुरत नाही. अशी झाडे दोराने किंवा तरफेने पाडणे सोपे जाते.

पाचरी कठीण लाकडाच्या, लोखंडाच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात. लोखंडी पाचरीचा माथा ठोकून ठोकून भूछत्रासारखा पसरतो व त्याच्या कडांचे तुकडे गोळीसारखे उडतात. हा पसरलेला भाग वेळोवेळी घासून काढावा लागतो. लोखंडी पाचरीला करवत लागल्यास दात मोडतात, त्यामुळे लाकडी व प्लॅस्टिकच्या पाचरींना प्राधान्य दिले जाते. दोन पाचरी शेजारी-शेजारी ठेवून आळीपाळीने ठोकल्या तर उचल सम राहते. एकाच कडेला जोर दिला तर बिजागरीला पीळ बसतो.

तरफ व दोर

लहान झाडांच्या मागील कापात पहारीचे चपटे टोक घालून दांडा वर उचलला की पाचरीचे काम होते. उचलताना पाठ सरळ ठेवून पायांचा जोर लावावा लागतो. मोठ्या मागील कलाच्या झाडांना कापण्यापूर्वी शक्य तितक्या उंचावर दोर बांधून घेतात, कारण जितक्या उंचावर ओढ, तितकी कमी शक्ती पुरते. दोर ओढणारी माणसे झाडाच्या उंचीपेक्षा अधिक अंतरावर असली पाहिजेत. जागा तोकडी असल्यास दोर दुसऱ्या झाडाला बांधलेल्या कप्पीवरून वळवून घेतात. घरांच्या दाटीत मुळाशी घाव घालण्याऐवजी झाड शेंड्याकडून तुकड्यातुकड्यांनी दोराने उतरवणे अधिक सुरक्षित असते.

आकडा लावलेली तरफ पडलेले ओंडके फिरवण्यासाठी असते. शेजारच्या झाडात अडकलेले झाड गोल फिरवून सोडवण्यासही ती उपयोगी पडते. अडकलेल्या झाडाखाली जाणे, त्यावर चढणे किंवा त्याला आधार देणारे झाड तोडणे ही वृक्षतोडीतील सर्वांत घातक कृत्ये मानली जातात.

धोके व पूर्वतयारी

कामाला सुरुवात करण्यापूर्वी कोयत्याने बुंध्याभोवतीची झुडपे साफ करतात आणि पळण्याची वाट मोकळी करतात. ही वाट पडण्याच्या दिशेच्या उलट, पण सरळ मागे नव्हे तर ४५ अंशांत तिरकी असते, कारण खोड उसळल्यास ते थेट मागेच येते. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात इतर कोणी असू नये, हा सर्वमान्य नियम आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ मध्ये वनकामातील सुरक्षिततेविषयी आचारसंहिता प्रसिद्ध केली.

पुढे फार कललेल्या झाडात मागचा काप पूर्ण होण्याआधीच खोड उभे चिरते. मागचा अर्धा भाग वर उसळतो आणि तोडणाऱ्याच्या छाती-डोक्याच्या उंचीवर आदळतो. अशा खोडाला कापाच्या वर साखळी आवळून बांधतात. वाळलेल्या, कुजलेल्या किंवा ढोली असलेल्या झाडांत बिजागरी धरत नाही. खोडावर कुऱ्हाडीच्या माथ्याने ठोकले असता येणारा पोकळ आवाज ही त्याची खूण होय. माडासारख्या झाडांचे खोड बाहेरून कठीण व आतून मऊ असते, त्यांतही बिजागरीवर भिस्त ठेवता येत नाही. सावरीसारख्या झाडांना बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळे असतात; ती आधी छाटल्याशिवाय खोडाचा खरा व्यास कळत नाही.

सह्याद्रीच्या जंगलांत आणखी एक अडचण येते. गारंबीसारख्या महावेली अनेक झाडांचे शेंडे एकत्र बांधून ठेवतात. अशा ठिकाणी बिजागरी बिनचूक असूनही झाड वेलीच्या ओढीने वळते किंवा शेजारच्या झाडाची फांदी मोडून खाली आणते. म्हणून वनशास्त्रात तोडीच्या बरेच आधी वेली कापून ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे त्या वाळून सैल होतात.

आजचा वापर

दुसऱ्या महायुद्धानंतर यांत्रिक साखळी-करवतीने बहुतेक ठिकाणी आडव्या करवतीची जागा घेतली. खाच, बिजागरी व पाचर ही पद्धत मात्र यंत्रासोबतही तशीच चालते. अमेरिकेत १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्यानुसार संरक्षित वन्यप्रदेशांत मोटारीची साधने वापरण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. तेथील वाटांवर पडलेली झाडे काढण्यासाठी आजही हातकरवती चालतात व त्या लावण्याचे शिक्षण दिले जाते.

महाराष्ट्रात वन विभागाच्या कूपांत तोडावयाची झाडे आधी हातोड्याच्या शिक्क्याने खुणावली जातात. अनेक ठिकाणी हे काम जंगल कामगार सहकारी संस्थांकडून झाले आहे. खासगी जमिनीवरील ठरावीक जातींच्या झाडांना महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो, तर शहरांतील झाडांना १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम. दोन्ही कायद्यांनुसार झाड तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते.