मंदीच्या वर्षातला राज्याचा अर्थसंकल्प

राज्याच्या अर्थसंकल्पातले जमेचे आकडे हे अंदाज असतात; खर्चाचे आकडे मात्र बहुतांशी आधीच बांधलेले असतात. अर्थव्यवस्था वाढत असते तोवर हा फरक फारसा जाणवत नाही. मंदी आली की तो काही महिन्यांतच उघडा पडतो. विक्री घटते म्हणून वस्तू व सेवा कर घटतो, घरांचे व्यवहार थंडावतात म्हणून मुद्रांक शुल्क आटते, गाड्या कमी धावतात म्हणून पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट उतरतो. शिक्षक, पोलीस, परिचारिका यांचे पगार, निवृत्तिवेतन आणि जुन्या कर्जाचे व्याज ठरल्या दिवशी द्यावेच लागते. महाराष्ट्राच्या महसुली जमेतला निम्म्याहून अधिक भाग या तीन बाबींतच जातो.

२०२०-२१ हे वर्ष या अडचणीचा सर्वांत ठळक नमुना आहे. ६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली जमा ३ लाख ४७ हजार ४५७ कोटी रुपये आणि महसुली खर्च ३ लाख ५६ हजार ९६८ कोटी रुपये धरला होता. तूट होती ९ हजार ५११ कोटींची. तीन आठवड्यांच्या आत टाळेबंदी लागू झाली. वर्षअखेर प्रत्यक्ष जमा २ लाख ६९ हजार कोटींच्या आसपास राहिली आणि महसुली तूट ४१ हजार कोटींवर गेली.

या आकड्यांकडे जरा थांबून पाहायला हवे. अपेक्षित उत्पन्नातले सुमारे ७८ हजार कोटी रुपये आलेच नाहीत, तरी तूट वाढली ती ३२ हजार कोटींच्या घरात. उरलेले सुमारे ४६ हजार कोटी खर्चच झाले नाहीत. ज्या योजनांना, अनुदानांना आणि कामांना विधिमंडळाने मंजुरी दिली होती, त्यांच्यातून ही रक्कम कमी झाली. मंदीत ताळेबंद जुळवण्याचा सर्वांत मोठा भार असा नकळत कपातीवर पडतो.

कपातीचा मुख्य आदेश ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने निघाला. विभागांना वर्षाच्या तरतुदीपैकी ३३ टक्केच निधी मिळेल, नवी कामे हाती घ्यायची नाहीत, नवी पदभरती करायची नाही, असे त्यात ठरले. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन या विभागांना प्राधान्य मिळाले. त्याआधी मार्चचा पगारही टप्प्याटप्प्याने देण्याचा निर्णय झाला होता: पहिल्या टप्प्यात अ आणि ब वर्गाला निम्मा, क वर्गाला ७५ टक्के, ड वर्गाला पूर्ण. महागाई भत्त्याची वाढही गोठवली गेली.

कर वाढवून तूट भरण्याची वाट राज्यांना आता अरुंद आहे. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचे दर जीएसटी परिषद ठरवते. एकट्या राज्याच्या हाती इंधन आणि मद्यावरचे कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क एवढेच उरते. महाराष्ट्राने १ जून २०२० पासून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले. कामधंदा बुडालेल्या माणसाच्या खिशातून हा कर जातो, शिवाय मालवाहतूक महागते. म्हणून मंदीत तो जपूनच वाढवायला हवा. याच वर्षी उलटा उपायही झाला. १ सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि पुढे मार्चअखेरपर्यंत २ टक्क्यांची सवलत देण्यात आली. मुंबईत ५ टक्क्यांचा दर २ टक्क्यांवर आला आणि डिसेंबरमध्ये दस्तनोंदणीला गर्दी उसळली. दर उतरवून व्यवहार वाढवण्याचा हा उपाय कामी आला, मात्र पुढच्या वर्षी होणारे काही व्यवहारच लोकांनी आधी उरकले, हेही हिशेबात धरले पाहिजे.

तिसरा मार्ग कर्जाचा. चार-आठ दिवसांची चणचण भागवायला रिझर्व्ह बँक राज्यांना अल्पमुदतीची उचल देते. एप्रिल २०२० मध्ये तिची मर्यादा ६० टक्क्यांनी वाढवण्यात आली. वर्षाची खरी तूट मात्र कर्जरोखे विकूनच भरावी लागते. केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला राज्यघटनेच्या कलम २९३ नुसार नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते, आणि कर्जाची मर्यादा साधारणपणे राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या ३ टक्के असते. मे २०२० मध्ये ती त्या वर्षापुरती ५ टक्के झाली. वाढीव २ टक्क्यांपैकी फक्त अर्धा टक्का विनाअट होता. बाकीचा शिधापत्रिका, वीज वितरण, उद्योगसुलभता आणि शहरी संस्थांमधल्या सुधारणांशी जोडलेला होता. संकटातल्या राज्याला हात देताना अटी घालणे योग्य नव्हते. सुधारणांना वेळ लागतो आणि पगाराची तारीख थांबत नाही.

जीएसटी भरपाईचा वाद त्यात भर घालणारा ठरला. २०१५-१६ च्या उत्पन्नावर दरवर्षी १४ टक्के वाढ धरून जी तूट येईल ती पाच वर्षे भरून देण्याचे कायद्याने ठरले होते. ज्या उपकरातून ही भरपाई द्यायची, तोच मंदीत आटला. अखेर केंद्राने १ लाख १० हजार कोटी रुपये कर्जाऊ उचलून राज्यांकडे वळवले, आणि ते फेडण्यासाठी उपकराची मुदत मार्च २०२६ पर्यंत लांबली.

अमेरिकेतल्या राज्यांची स्थिती याहून कडक असते. एक व्हरमाँट सोडले तर सर्वत्र कायद्याने वा घटनेने अर्थसंकल्प समतोल राखण्याचे कोणते ना कोणते बंधन आहे. जुलै २००९ मध्ये कॅलिफोर्नियाला काही देणेकऱ्यांना पैशांऐवजी वचनचिठ्ठ्या द्याव्या लागल्या. त्या अनुभवांमुळेच बरकतीच्या वर्षांत राखीव निधी साठवण्याला तिथे मोठे महत्त्व आहे.

कोणती कपात करायची, हा या सगळ्यातला कळीचा प्रश्न. पगार कापता येत नाही, व्याज चुकवता येत नाही, म्हणून कात्री हमखास पाटबंधारे, रस्ते, इमारती अशा भांडवली कामांवर चालते. कागदावर तूट आटोक्यात दिसते, पण अर्धवट धरणाचा खर्च दरवर्षी वाढत जातो आणि कंत्राटदारांची थकलेली देयके पुढच्या वर्षाच्या माथी बसतात. मजुराच्या हाताला काम हवे असते नेमके तेव्हाच सरकार काम बंद करते. रस्त्यासाठी काढलेले कर्ज पुढे उत्पन्नाला हातभार लावते. पगारासाठी काढलेल्या कर्जाचे फक्त व्याज उरते. म्हणून मंदीत भांडवली कामे कर्ज काढूनही चालू ठेवावीत आणि बचत शोधावी ती महसुली खर्चात. केंद्रानेही ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यांना भांडवली खर्चासाठी ५० वर्षांच्या मुदतीचे, बिनव्याजी १२ हजार कोटी रुपये दिले. ही योजना पुढे वाढतच गेली.

अर्थसंकल्पाच्या दिवशी चर्चा होते ती तुटीच्या अंदाजाची. प्रत्यक्ष आकडे दोन वर्षांनी, पुढच्या एखाद्या अर्थसंकल्पाच्या तक्त्यात येतात. नागरिकांनी आणि पत्रकारांनी त्या तक्त्यातली भांडवली खर्चाची ओळ आवर्जून वाचावी.